होतकरूंची पारख

एखाद्या देशांत खेळ किती रुजला आहे हें त्या देशाच्या नामांकित खेळाडूंवरून कळतें, असा सामान्य समज आहे. परंतु झाडाची उंची पाहून बागेची कळा समजत नाहीं; त्यासाठीं रोपवाटिकेंत जावें लागतें. कोणतीं रोपें लावलीं, त्यांपैकीं किती जगलीं, कोणतीं पाण्यावांचून सुकलीं आणि कोणतीं माळ्याच्याच पायाखालीं गेलीं, हा हिशेब जेथें मिळतो तेथें खेळाचा खरा इतिहास सांपडतो.

अमेरिकेंतील बेसबॉलच्या खेळांत हा हिशेब सावकाराच्या चोपडीप्रमाणें मांडलेला असतो. तेथें मोठ्या संघांच्या हाताखालीं लहान गांवांतून दुय्यम प्रतीचे संघ असतात. शाळा-कॉलेजांतून निवडलेला मुलगा प्रथम अगदीं खालच्या संघांत पगारावर खेळतो. तेथें टिकला तर एक पायरी वर चढतो. आणि अशा अनेक पायऱ्या चढून शेंकड्यांतून एखादाच मोठ्या मैदानावर येतो. १९२० नंतरच्या दशकांत सेंट लुई येथील संघाचा चालक ब्रँच रिकी यानें ही पद्धति नांवारूपास आणली. प्रत्येक पायरीवरील प्रत्येक मुलाचे आंकडे टिपले जातात, आणि ज्यांनीं त्या मुलास कधीं डोळ्यांनीं पाहिलेलें नाहीं असे रसिकहि त्याची चढउतार घरबसल्या वाचीत असतात.

पुण्याच्या क्रिकेटला असा पगारी जिना नव्हता. पेठेंतील पटांगण, शाळेचा संघ, जिमखाना, कॉलेज, मग महाराष्ट्राचा संघ आणि शेवटीं भारताचा संघ, या पायऱ्या येथें हळूहळू आणि पुष्कळशा आपोआप तयार झाल्या. त्यांवर कोण चढला, कोणास चढूं दिलें नाहीं, आणि ज्यांनीं पारख करावयाची त्यांचे डोळे केव्हां उघडले, हा सुमारें एकशें तीस वर्षांचा इतिहास पुणेकरांनीं एकदां नजरेखालून घालण्याजोगा आहे.

या इतिहासाच्या आरंभीं जो पुरुष उभा आहे तो कोणा संस्थानिकाचा पुत्र नव्हता, कीं कॉलेजचा विद्यार्थीहि नव्हता. तो मैदान झाडणारा एक मुलगा होता. बाळू पालवणकर याचा जन्म चर्मकार समाजांत धारवाड येथें झाला आणि बालपण पुण्याच्या लष्करी वातावरणांत गेलें. गोऱ्या अधिकाऱ्यांनीं टाकून दिलेलें सामान घेऊन तो व त्याचा धाकटा भाऊ शिवराम खेळावयास शिकले. पारशी मंडळींच्या एका क्लबांत खेळपट्टी झाडणें व रोलर फिरविणें या कामावर बाळू प्रथम लागला. पगार महिना तीन रुपये. १८९२ च्या सुमारास तो युरोपियनांच्या पूना क्लबांत गेला व तेथें त्यास एक रुपयाची बढती मिळाली. जाळीं बांधणें, खेळपट्टी आंखणें, टेनिसच्या रेषा मारणें हीं कामें संपलीं कीं साहेब लोकांच्या सरावासाठीं त्यानें चेंडू टाकावयाचे, असा क्रम होता.

त्या क्लबांत जे. जी. ग्रेग नांवाचा एक लष्करी अधिकारी होता. त्या काळीं हिंदुस्थानांत असलेल्या युरोपियन फलंदाजांत त्याची गणना अग्रभागीं होत असे. इतर सभासद यावयाच्या आधीं मैदानावर येऊन तो बाळूच्या डावखुऱ्या फिरकीवर तासन्‌तास सराव करी. बाळूनें आपणांस बाद केलें कीं दर खेपेस ग्रेग त्यास आठ आणे देई, अशी आख्यायिका आहे. या सरावानें साहेबाची फलंदाजी सुधारली असेल. पण त्याहून अधिक पिकली ती बाळूची गोलंदाजी. उत्तम फलंदाजासमोर रोज शेंकडों चेंडू टाकावयास मिळणें, ही शाळा त्या वेळीं कोणत्याहि हिंदु मुलास उपलब्ध नव्हती. एक गोष्ट मात्र ध्यानांत ठेविली पाहिजे. इतकीं वर्षें चेंडू टाकूनहि त्या सरावांत बाळूच्या हातीं कोणी बॅट दिली नाहीं. फलंदाजी हा साहेबाचा मान होता, गोलंदाजी ही चाकरी होती.

पुढें पुण्याच्या हिंदु मंडळींनीं युरोपियनांशीं सामना खेळावयाचें मनांत आणलें, तेव्हां पारखीचा खरा प्रश्न उभा राहिला. शहरांतील सर्वांत उत्तम गोलंदाज कोण याविषयीं कोणासच शंका नव्हती. शंका होती ती त्यास संघांत घ्यावयाचें कीं नाहीं याची. कांहीं तेलगू सभासद बाळूच्या बाजूचे होते. कांहीं ब्राह्मण सभासदांचें मन वळत नव्हतें. बाळूस वगळणें म्हणजे हिंदूंनीं आपल्याच हातानें आपलें नुकसान करून घेणें होय, अशा अर्थाचें मत ग्रेगनें बोलून दाखविलें. अखेर बाळू संघांत आला. मैदानावर त्यानें टाकलेला चेंडू सर्वांच्या हातांतून फिरे. पण चहाच्या वेळीं त्यास बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यांत चहा मिळे, आणि जेवणाचें पानहि वेगळें मांडलें जाई.

त्यानंतर सातारा येथील युरोपियन जिमखान्याविरुद्धच्या सामन्यांत बाळूनें सात गडी बाद केले. पुण्यास त्याचा सत्कार झाला. ज्याच्याबरोबर खेळतां त्याच्याबरोबर जेवावयास हरकत कां असावी, असा सवाल न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांनीं त्या प्रसंगीं केल्याचें बाळूच्या चरित्रकारांनीं नोंदलें आहे. त्या वेळच्या पुण्यांत हा प्रश्न क्रिकेटपुरता राहणें शक्यच नव्हतें.

प्लेगच्या दिवसांत बाळू मुंबईस गेला आणि तेथील हिंदु जिमखान्याकडून खेळूं लागला. १९०६ सालीं मुंबईस हिंदु व युरोपियन या संघांचा जो गाजलेला सामना झाला, त्यांत हिंदूंनीं २४२ व १६० आणि युरोपियनांनीं १९१ व १०२ धांवा केल्या. १०९ धांवांच्या या विजयांत बाळू व शिवराम हे दोघेहि बंधु होते. १९११ सालीं पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखालीं पहिला हिंदी संघ इंग्लंडास गेला. त्या दौऱ्यांतील सर्व सामने मिळून बाळूनें ११४ बळी घेतले. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध तर एका डावांत १०३ धांवांत आठ गडी त्यानें टिपले. महिना चार रुपयांवर जाळीं बांधणारा मुलगा इंग्लंडच्या हिरवळीवर आपल्या देशाचा पहिल्या प्रतीचा गोलंदाज ठरला होता.

इतकें होऊनहि कर्णधारपद त्याच्या वाट्यास आलें नाहीं. १९२० सालीं चौरंगी सामन्यांच्या वेळीं हिंदु संघाचे कर्णधार पै हे आजारी पडले, तेव्हां नेतृत्व बाळूकडे न जातां पुण्याचे तरुण खेळाडू दिनकर बळवंत देवधर यांच्याकडे गेलें. शिवाय बाळूस संघांतूनहि वगळण्यांत आलें. शिवराम व विठ्ठल या बंधूंनीं याचा निषेध करून संघांतून अंग काढून घेतलें. लोकमत इतकें प्रक्षुब्ध झालें कीं पुढच्या सामन्यांत तिघांनाहि बोलवावें लागलें, बाळूस उपकर्णधार नेमण्यांत आलें, आणि पै यांनीं कांहीं वेळ मैदान सोडून नेतृत्व त्याच्या हातीं दिलें. तीन वर्षांनीं, १९२३ सालीं, धाकटा बंधु विठ्ठल हिंदु संघाचा कर्णधार झाला व त्या संघानें विजेतेपद मिळविलें. थोरल्या भावानें रोलर फिरवून सपाट केलेल्या वाटेवरून धाकटा चालला.

या कथेचें प्रतिबिंब अमेरिकेंत पुढें जवळजवळ पाव शतकानें दिसलें. तेथील मोठ्या बेसबॉल संघांत काळ्या वर्णाच्या खेळाडूंस कित्येक वर्षें मज्जाव होता. ज्या ब्रँच रिकीनें दुय्यम संघांची पद्धति वाढविली, त्यानेंच १९४५ सालीं जॅकी रॉबिन्सन यास करारबद्ध केलें, १९४६ सालीं माँट्रिअलच्या दुय्यम संघांत खेळविलें आणि १५ एप्रिल १९४७ रोजीं ब्रुकलिनच्या मुख्य संघांत उतरविलें. पायऱ्या कितीहि सुबक बांधल्या, आंकडे कितीहि काळजीपूर्वक टिपले, तरी दारावरचा पहारेकरी आंत कोणास सोडतो यावर सारें अवलंबून असतें, हें पुण्यास आणि ब्रुकलिनला सारखेंच शिकावें लागलें.

पारखीचा दुसरा धडा पुण्यास प्रोफेसर देवधर यांनीं दिला, आणि तो वयाविषयींचा आहे. १८९२ सालीं जन्मलेले देवधर सर परशुरामभाऊ कॉलेजांत संस्कृत शिकवीत आणि क्रिकेट खेळत. १९२६ सालीं गिलिगनचा इंग्लिश संघ आला असतां त्यांनीं सर्व हिंदी संघाकडून मुंबईस १४८ धांवा काढल्या. हिंदी क्रिकेट कसोटीच्या योग्यतेचें आहे असें वाटावयास ज्या खेळी कारण झाल्या, त्यांत सी. के. नायडू यांच्या १५३ धांवांबरोबर हीहि मोजतात. परंतु १९३२ सालीं भारताचा पहिला कसोटी सामना लॉर्ड्सवर झाला तेव्हां देवधर चाळिशींत पोंचले होते, आणि निवडीच्या वेळीं वय हेंच त्यांच्या आड आलें. कसोटी सामना त्यांना कधींच खेळतां आला नाहीं.

या निवडीचें उत्तर त्यांनीं बॅटीनें दिलें. १९४० सालीं पुण्यास मुंबईविरुद्ध खेळतांना, पन्नाशी जवळ आलेली असतां, त्यांनीं २४६ धांवा काढल्या. त्या सामन्यांत महाराष्ट्राच्या ६७५ धांवांना मुंबईनें ६५० धांवांचें उत्तर दिलें. १९४४ सालीं नवानगरविरुद्ध एकाच सामन्यांत १०५ व १४१ अशीं दोन शतकें त्यांनीं झळकाविलीं, तेव्हां त्यांचें वय बावन्न होतें. ज्यांना म्हातारा म्हणून घरीं ठेविलें ते निवड करणाऱ्यांच्या पिढीपेक्षां अधिक काळ मैदानावर उभे राहिले. १९९३ सालीं वयाच्या १०२ व्या वर्षीं ते वारले.

पण देवधरांचें याहून मोठें काम कर्णधार या नात्यानें झालें. १९३४-३५ पासून रणजी करंडकाचे सामने सुरू झाले व १९३५-३६ पासून विद्यापीठांसाठीं रोहिंटन बारिया करंडक आला; म्हणजे जिन्यास आतां ओळखूं येण्याजोग्या पायऱ्या पडल्या. कॉलेजांतील मुलगा विद्यापीठाच्या संघांत, तेथून प्रांताच्या संघांत आणि तेथून कसोटीच्या उंबरठ्यावर, हा मार्ग आंखला गेला. कॉलेजांत रोज मुलांच्या संगतींत असलेल्या देवधरांना हा मार्ग वरून व खालून दोन्हीकडून दिसत होता. त्यांच्या नेतृत्वाखालीं महाराष्ट्रानें १९३९-४० व १९४०-४१ अशीं लागोपाठ दोन वर्षें रणजी करंडक जिंकला. सांगलीस जन्मलेले विजय हजारे यांनीं यांपैकीं पहिल्या वर्षीं पुण्यास बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धांवा केल्या. रंगा सोहोनी, चंदू सरवटे हे तरुणहि त्याच काळांत या संघांत वाढले. हजारे पुढें बडोद्यास गेले, ॲडलेड येथें एकाच कसोटींत दोन शतकें काढणारे पहिले भारतीय झाले, आणि १९५२ सालीं मद्रासेस भारताचा पहिला कसोटी विजय त्यांच्याच नेतृत्वाखालीं मिळाला. रोप पुण्याच्या मातींत वाढलें, फळें दुसऱ्यांनीं खाल्लीं. परंतु रोपवाटिकेचें काम तेंच असतें.

तिसरा धडा आंकड्यांचा. धांवफलक खोटें बोलत नाहीं, पण सगळेंहि सांगत नाहीं. १९४८ च्या डिसेंबरांत पुण्याच्या पूना क्लब मैदानावर काठेवाडविरुद्ध महाराष्ट्राचे भाऊसाहेब निंबाळकर खेळावयास उतरले. कोल्हापूरचे हे फलंदाज नाबाद ४४३ धांवांपर्यंत पोंचले. डॉन ब्रॅडमनच्या ४५२ धांवांच्या जागतिक उच्चांकाला अवघ्या नऊ धांवा कमी होत्या. महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ धांवा झाल्या होत्या. उपाहाराच्या सुट्टींत काठेवाडच्या कर्णधारानें डाव घोषित करा, नाहीं तर आम्हीं घरीं जातों, असा हट्ट धरला, आणि तो संघ खरोखरच परतला. उच्चांक हुकला. प्रथम श्रेणीच्या क्रिकेटांत भारतीय फलंदाजाची ही आजवरची सर्वांत मोठी खेळी आहे, आणि तिचा धनी एकहि अधिकृत कसोटी सामना खेळला नाहीं.

हा अन्याय कीं न्याय, याचें उत्तर सोपें नाहीं. तीन महिन्यांनींच, १९४९ च्या मार्चांत, पुण्यास महाराष्ट्र व मुंबई यांचा रणजी सामना सात दिवस चालला. मुंबईनें ६५१ व ८ बाद ७१४, महाराष्ट्रानें ४०७ व ६०४ अशा एकूण २,३७६ धांवा केल्या आणि नऊ शतकें लागलीं. उदय मर्चंट, दत्तू फडकर आणि महाराष्ट्राचे मधुसूदन रेगे या तिघांनीं दोन्ही डावांत शतकें झळकाविलीं. प्रथम श्रेणीच्या एका सामन्यांत इतक्या धांवा जगांत दुसरीकडे कोठें झालेल्या नाहींत. जेथें धांवा इतक्या स्वस्त आहेत तेथें शतकाचें मोल किती धरावयाचें, असा विचार निवड करणाराच्या मनांत आला तर त्यास सर्वस्वीं दोष देतां येत नाहीं. पण त्याच न्यायानें, ज्या खेळपट्टीवर इतरांनीं शंभर केले तेथें ज्यानें चारशें केले त्याचें वेगळेपण दिसावयास हवें होतें. धांवा मोजणें हें कारकुनाचें काम आहे. त्या कोणत्या मातीवर, कोणत्या गोलंदाजांविरुद्ध आणि कोणत्या अडचणींत निघाल्या हें पाहणें म्हणजे पारख.

गोलंदाजाची गोष्ट याच्या उलट असते. सपाट मैदानावर ज्याचे बळी पडतात त्याकडे चटकन लक्ष जावें. १९५६-५७ च्या हंगामांत पुण्याचे वसंत रांजणे आपल्या पहिल्याच रणजी सामन्यांत सौराष्ट्राविरुद्ध उतरले आणि एका डावांत ३५ धांवांत नऊ व सामन्यांत तेरा बळी घेऊन आले. त्यांत लागोपाठ तीन चेंडूंवर तीन बळीहि होते. असा आरंभ क्वचितच कोणास लाभतो. तरी त्यांच्या वाट्यास सारे सातच कसोटी सामने आले. त्यांच्याच पिढींतील पुण्याचे चंदू बोर्डे यांचा जिना मात्र अखेरपर्यंत चढला. १९३४ सालीं पुण्यास जन्मलेले बोर्डे १९५८ सालीं कसोटी खेळले, आणि पुढें ५५ कसोटींत त्यांनीं ३,०६१ धांवा केल्या. खेळ संपल्यावर ते राष्ट्रीय निवड समितीचे अध्यक्ष झाले. पारखला गेलेला माणूस पारखी झाला, ही या इतिहासांतील समाधानाची गोष्ट होय.

या सर्व काळांत निम्म्या घरांतील होतकरूंकडे कोणाचें लक्षच नव्हतें. मुली क्रिकेट खेळतील ही कल्पनाच पुष्कळांस विनोदाची वाटे. १९७३ सालीं महिलांचे पहिले आंतरराज्य सामने पुण्यांत भरले, त्यांत मुंबई, महाराष्ट्र व उत्तर प्रदेश असे तीनच संघ होते. महिलांची संघटना मुख्य क्रिकेट मंडळांत सामील व्हावयास २००६ साल उजाडलें. सांगलीस वाढलेली स्मृति मानधना नवव्या वर्षीं महाराष्ट्राच्या पंधरा वर्षांखालील व अकराव्या वर्षीं एकोणीस वर्षांखालील संघांत निवडली गेली. २०१३ सालीं गुजरातविरुद्ध एका दिवसाच्या सामन्यांत तिनें नाबाद २२४ धांवा केल्या आणि त्याच वर्षीं ती भारताकडून खेळली. २०२५ सालीं भारतीय महिलांनीं विश्वचषक जिंकला तेव्हां ती उपकर्णधार होती. तीन संघांनीं सुरू झालेल्या वाटेवर पन्नास वर्षांत एवढें अंतर कापलें गेलें. ती वाट पन्नास वर्षें आधीं आंखली असती तर किती नांवें आज ठाऊक असतीं, याचा हिशेब कोणत्याहि चोपडींत नाहीं.

आतां जिन्यास पायऱ्याच पायऱ्या झाल्या आहेत. सोळा वर्षांखालील मुलांसाठीं विजय मर्चंट करंडक, एकोणीस वर्षांखालील मुलांसाठीं कुचबिहार करंडक, त्यापुढें सी. के. नायडू करंडक, मग रणजी. आणि २००८ पासून इंडियन प्रीमियर लीगचे व्यावसायिक संघ गांवोगांवच्या मैदानांवर आपले पारखी पाठवितात. तरीहि पारखीचे घोळ संपले नाहींत. पुण्याचे केदार जाधव यांनीं २०१३-१४ च्या रणजी हंगामांत सहा शतकांसह १,२२३ धांवा करून महाराष्ट्रास अंतिम सामन्यांत नेलें; भारताच्या संघांत ते एकुणतिसाव्या वर्षीं आले. २०१७ च्या जानेवारींत गहुंजे येथें इंग्लंडविरुद्ध भारताचे ६३ धांवांत चार गडी बाद झाले असतां त्यांनीं ७६ चेंडूंत १२० धांवा काढून ३५१ धांवांचें लक्ष्य गांठून दिलें, तेव्हां स्वतःच्या गांवच्या प्रेक्षकांसमोर उशिराच्या निवडीची भरपाई झाली. ऋतुराज गायकवाड यांस मात्र एवढी वाट पाहावी लागली नाहीं. पंधरा वर्षांखालील मुलांपासून वर आलेला हा पुणेकर चोविसाव्या वर्षीं भारताकडून खेळला, आणि २०२२ सालीं उत्तर प्रदेशाविरुद्ध एका षटकांत सात षटकार मारून त्यानें जगाचें लक्ष वेधलें.

एवढा इतिहास पाहिल्यावर एक गोष्ट स्पष्ट होते. पुण्याच्या भूमींत गुणांची वाण कधींच नव्हती. बाळूस जातीनें अडविलें, देवधरांस वयानें, निंबाळकरांस नशिबानें व संशयानें, मुलींना तर घराच्या उंबरठ्यानेंच. ज्यांनीं अडविलें ते बहुतेक सज्जन होते, आणि आपण नेहमींच्या रीतीनें वागत आहों अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. होतकरूंची पारख करणाऱ्यानें म्हणूनच मुलाच्या खेळावर जेवढी नजर ठेवावयाची तेवढीच आपल्या मनांतील सवयींवरहि ठेवावी लागते. आंकडे वाढले, पायऱ्या वाढल्या, मैदानें वाढलीं. पहांटे मैदान झाडणाऱ्या मुलाच्या हातांत चेंडू कसा फिरतो हें पाहण्यासाठीं मात्र आजहि कोणास तरी तासभर आधीं मैदानावर यावें लागतें, आणि चेंडू पाहून झाल्यावर त्याच्या हातीं एकदां बॅटहि द्यावी लागते.